वरचा ब्लॉक

"आपण ब्लॉक घ्यायचा का?" असं ह्यांनी मला विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. माझे वडील चिपळूणला छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे ब्लॉक म्हणजे फोटो छापायचा जस्ताचा ठोकळा, एवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "कुणाचा फोटो छापायचाय?" ह्यांना तो विनोद वाटला आणि पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला त्यांनी तो सांगितला. मी मात्र अगदी मनापासून विचारलं होतं.

तेव्हा आम्ही चिंचवड गावात दीड खोलीत राहत होतो. हे पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. कारखान्याची कॉलनी होती, क्वार्टर मिळालंही असतं, पण ह्यांचं म्हणणं असं की, नोकरी सुटली की क्वार्टर सुटतं. "मला स्वतःच्या भिंतीत स्वतः खिळा मारायचाय," हे म्हणायचे. घर झाल्यावर मी कॅलेंडरसाठी एक खिळा मागितला, तर प्लास्टर उडेल म्हणून ह्यांनी मारू दिला नाही. पण ते पुढचं.

ब्लॉक म्हणजे काय, ते ह्यांनी मला बोटांवर मोजून समजावलं. एक बैठकीची खोली, एक झोपायची खोली, स्वयंपाकघर, नळ आत, न्हाणी आत, संडाससुद्धा आत, आणि पुढे गॅलरी. सगळं एका दाराच्या आत. दार ओढून घेतलं की जगाशी संबंध नाही.

"झोपायची खोली दिवसा काय करते?" मी विचारलं.

हे म्हणाले, "मुंबईला सगळीकडे असते."

ह्यांनी कारखान्यातले आणखी तिघं गाठले, रेल्वेतला एक कारकून गाठला आणि सोसायटी काढायचं ठरवलं. स्टेशनजवळ जागा हवी होती. स्टेशन म्हणजे आमच्या लेखी शहराचा मध्य, जरी तिथून कुठल्याही दिशेला पाच मिनिटं चाललं की माणूस बाजरीत शिरायचा. जागा निघाली ती तिथल्याच एका जुन्या शेतकऱ्याची. त्यांना सगळे मामा म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मामांचा मोठा तुकडा एका कंपनीनं आधीच घेतला होता. उरलेला कोपरा ते आम्हाला द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. सहा ब्लॉकांतला एक त्यांचा.

"गावात जुनं घर हाय," मामा म्हणाले, "पर आमच्या जिमिनीवर दुसरी मानसं ऱ्हानार आन् आमी लांबनं बघनार, ह्ये न्हाई जमायचं."

नकाशा पुण्याहून करून आणला. कागदावरच्या रेघा मला कळेनात, म्हणून एका रविवारी ह्यांनी पांढऱ्या फक्कीची पिशवी घेतली आणि त्या जागेवर, कापलेल्या धसकटांमधून, पुऱ्या मापाचा ब्लॉक आखला. मग मला त्यात फिरवलं. मी स्वयंपाकघरातून सरळ बाहेर निघाले तर हे ओरडले, "अगं थांब, तिथं भिंत आहे!" मी मागे फिरले. "आता दार उघड." मी हवेतलं दार उघडलं. "हं. आता ओट्यापाशी उभी राहा आणि चहा कर."

बांधावर एक बाई हातात विळा घेऊन हे सगळं बघत उभ्या होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या मामी. आमची ती पहिली भेट. हे माप घेत लांब गेल्यावर त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुझा नवरा बरा हाय न्हवं?"

"औषधांच्या कारखान्यात आहेत," मी म्हटलं.

"मंग थोडं घरी बी आनावं की," मामी म्हणाल्या.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. हे लांबून ओरडले, "भिंतीतून काय बघतेस?"

इमारत उभी राहिली. खाली तीन, वर तीन. शहाबादी फरशी, उभा ओटा, साखळी ओढली की धबधब्यासारखं पाणी सोडणारी संडासातली टाकी. गावातून लोक बघायला यायचे आणि साखळी ओढून जायचे. ह्यांना शेवटी दारावर पाटी लावावी लागली. ओटा बघून मामींनी मला विचारलं, "उभ्यानं सैपाक? रांधायचं का पळायचं?"

कुणाला कुठला ब्लॉक, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मामांच्या वतीनं मामींनी चिठ्ठी उचलली, ती खालची निघाली. आम्हाला बरोबर त्यांच्या डोक्यावरचा. मामा एकदम खूश झाले. "ब्येस झालं. माळ्यावर कांदं ऱ्हात्यात, मानसं न्हाई," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून, "तुमचं येगळं हाय," असंही म्हणाले. मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्या हसताहेत.

आमचे हे तर त्या गॅलरीनं वेडेच झाले. पुण्याहून वेताची आरामखुर्ची आणली. कारखान्यातून आले की हातपाय धुवायच्या आधी गॅलरीत जाऊन बसायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि अंधार पडून अक्षर दिसेनासं झालं तरी उघडंच ठेवायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आपण वर बसलेले दिसलो पाहिजे, एवढाच त्या वाचनाचा हेतू. कुणी मान वर करून "काय साहेब!" म्हटलं की त्या दिवशीची भाकरी त्यांना एक जास्त लागायची.

आम्ही राहायला आलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी मामी वर आल्या. विरजण हवं होतं. दुसऱ्या दिवशी काड्यापेटी. मग सुई. मग आधीची सुई परत द्यायला. प्रत्येक वेळी त्या दारातून सरळ गॅलरीत जायच्या, कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि बराच वेळ समोर बघत राहायच्या. एकदा त्यांनी वाटीभर विरजण नेलं आणि तासाभरात तीच वाटी, तेच विरजण, झाकणसुद्धा न काढता परत आणलं. म्हणाल्या, "आमचं निघालं की घरात."

मी विचारलं, "मामी, काय बघता एवढं?"

"काय न्हाई. वारं बरं हाय हितं."

वारं मुळीच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, कणसांना आलेलं एक लांबरुंद शेत होतं. मध्ये विहीर, विहिरीवर एक उंबर. मी ते रोज बघत होते, पण ते कुणाचं असेल, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

"तुमचं?"

"व्हतं," मामी म्हणाल्या. "त्यो वरचा कोपरा भुईमुगाचा. औंदा त्या मेल्यानं तिथं बी जोंधळा पेरलाय. कळतंय का त्याला काय!"

कंपनीनं जमीन घेतली होती, पण काम सुरू केलं नव्हतं. तोवर कुणीतरी एक माणूस ती कसत होता. मामांनी मामींना बजावून ठेवलं होतं की, विकलेल्या रानात पाय ठेवायचा नाही, लोक म्हणतील हिचा जीव अडकलाय. मामींनी ते पाळलं होतं. निदान घरच्या ओसरीतून दिसेल, म्हणून त्यांनी ह्या कोपऱ्यातल्या ब्लॉकासाठी हट्ट धरला होता. अट मामांनी घातली असं आम्हाला वाटत होतं, ती मामींची होती. आणि मग आमच्या ह्यांनी सोसायटीच्या पहिल्याच सभेत, "कंपाउंडशिवाय इमारतीला शोभा नाही," असं भाषण करून पुरुषभर उंचीची भिंत मंजूर करून घेतली. खालून आता दिसत होती ती फक्त ती भिंत.

मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे खाली जाऊन भिंतीपाशी टाचा उंचावून बघून आले. मग म्हणाले, "पण कंपाउंड हवंच."

दिवस जाऊ लागले तशा मामी संध्याकाळीही येऊ लागल्या. त्या खुर्चीत बसायच्या नाहीत, खाली फरशीवर पाय पसरून बसायच्या. त्यामुळे ह्यांची पंचाईत व्हायची. वडीलधारी बाई खाली बसलेली आणि आपण आरामखुर्चीत पाय लांब करायचे, हे जमेना. "बसा, बसा, मामी," असं म्हणून हे वर्तमानपत्र घेऊन आत झोपायच्या खोलीत जायचे आणि पलंगावर मांडी घालून वाचायचे. त्या खोलीला दिवसाउजेडी काय काम असतं, हे मला तेव्हा कळलं.

"ती गॅलरी आपली आहे ना?" एकदा त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

"कागदावर आहे," मी म्हटलं.

ह्यांना मामींचा राग नव्हता. पण रस्त्यावरचे लोक आता मान वर करून "काय मामी!" म्हणू लागले होते, ते जरा लागलं होतं.

त्याच सुमाराला मला दिवस गेले. चौथा महिना असेल. एका दुपारी मामी आणि मी गॅलरीत बसून तांदूळ निवडत होतो. मामी खाली मान घालून म्हणाल्या, "पोरी, जिना चढताना तुला दम लागतुया."

"नाही हो. मी तर धावत चढते."

"लागतुया," मामी म्हणाल्या. "मला दिसतंय न्हवं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सुपातला एक खडा उचलून त्यांनी कठड्यावरून लांब फेकला. तो कुठल्या दिशेला गेला, ते मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"थोडासा लागतो," मी म्हटलं.

"लई लागतुया. खाली न्हाणी हाय, नळ हाय, म्होरं अंगन हाय. बाळाला उन्हात घ्यायला बरं. आमी काय, म्हातारी मानसं. आमाला चढ-उताराची सवय हाय. पर आमचं ह्ये न्हाई आयकायचं. त्यांना कांदं आठवत्यात."

मी तांदूळ बाजूला ठेवले. खरं सांगायचं तर मलाही गॅलरी आवडत होती. माहेरी आमच्या घरासमोर उतार होता आणि खाली नदी दिसायची. उंचावरून काहीतरी दिसणं मला हवं होतं. पण मला जे दिसत होतं ते फक्त एक शेत होतं. त्यांना त्यातला प्रत्येक बांध ओळखू येत होता.

त्या संध्याकाळपासून मी धापा टाकू लागले. सुरुवातीला मला ते नीट जमेना. पण दोनतीन दिवसांत हात बसला. दारात आले की चौकट धरायची, डोळे मिटायचे, "पाणी" म्हणायचं. हे घाबरले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो तेव्हा मी एकटीच आत गेले. त्या म्हणाल्या, "प्रकृती उत्तम आहे, जिना चढलेला चांगलाच." बाहेर आल्यावर मी ह्यांना सांगितलं, "जपायला सांगितलंय." हे खोटं नव्हतं. सगळ्यांनाच जपायला सांगतात.

इकडे मामींनी मामांना काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. डोक्यावर पोटुशी बाई रोज दमून कण्हते आणि आपण खाली निवांत जेवतो, हे जागेच्या मूळ मालकाला शोभत नाही, असं त्यांनी ताटावर बसल्या बसल्या तीन दिवस ऐकवलं.

चौथ्या दिवशी मामा आणि हे एकाच वेळी एकमेकांकडे निघाले आणि जिन्याच्या तोंडाशी भेटले. मामी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, मी वर कठड्यापाशी.

"सायेब," मामा म्हणाले, "एक बोलू का? राग मानू नगा."

"मीच बोलणार होतो, मामा. पण कसं सांगू?"

"आदी माजं आयका. तुमी खाली या. आमी जातो माळ्यावर."

ह्यांना भरून आलं. "मामा, एवढा त्याग..."

"कसला त्याग? बाईमानूस अडचणीत हाय. आमाला काय, वर काय आन् खाली काय!" असं म्हणताना मामांनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू फासावर जायचंय.

"माझी गॅलरी गेली तरी चालेल," हे म्हणाले, "पण तुम्हाला गुडघ्यांचा त्रास..."

दोघंही बराच वेळ एकमेकांचे उपकार मानत राहिले. शेवटी हात जोडून निरोप घेतला. खिडकीतून मामींनी वर बघितलं आणि डोळ्यांनीच मला आत जायला सांगितलं. मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले, कारण हे धावत वर येणार होते.

सोसायटीनं सभा घेऊन अदलाबदल मंजूर केली. सामान हलवायचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. जिना एक आणि सामान दोन घरांचं. आमची आरामखुर्ची खाली येत होती आणि मामांचं जातं वर जात होतं, दोघांची गाठ वळणावर पडली आणि अर्धा तास कुणीच हलेना. त्याहून मोठा घोळ घातला तो धान्याच्या कणगीनं. माणूस आत उभा राहील एवढी बांबूची कणगी. जिन्याच्या पहिल्याच वळणावर ती अडकली. ह्यांनी नकाशा आणला, मापं काढली आणि ती जाऊ शकत नाही, असं सिद्ध केलं. ते सगळ्यांना दिसतच होतं. शेवटी पहिल्या शिफ्टमधून सुटलेले आठदहा जण सायकली टाकून मदतीला आले. वरून दोर सोडला, कणगीला बांधला आणि गॅलरीतून तिला ओढायला सुरुवात केली. मामा खाली उभे राहून ओरडत होते, "राव, हळू! राव, माझ्या आज्याची हाय ती!" कणगी हवेत गरगर फिरत वर गेली. रस्त्यावर गर्दी जमली. स्टेशनवरून आलेल्या एका माणसानं मला विचारलं, "इथं काय देऊळ होतंय का?"

त्या संध्याकाळी मी खालच्या अंगणात उभी होते. मामी वर गॅलरीत येऊन बसल्या. मला वाटलं, हाक मारतील, काहीतरी बोलतील. त्यांनी खाली बघितलंच नाही. कठड्यावर हनुवटी टेकून त्या शेताकडे बघत राहिल्या. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. आपण दिलेली वस्तू दुसऱ्यानं आपली करून टाकली की जसं वाटतं, तसं.

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर मला राहवलं नाही. मी ह्यांच्याजवळ सगळं कबूल केलं, धापा, डॉक्टरीणबाई, सगळं. हे पाळण्याची दोरी ओढत शांतपणे ऐकत होते.

"मला ठाऊक होतं," हे म्हणाले.

"कसं?"

"जिना चढताना माणसाला धाप लागते. तू उतरतानाही टाकत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"कंपाउंड मी बांधलं होतं ना," हे म्हणाले आणि पुन्हा दोरी ओढू लागले. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर एवढी मात आणखी कधी केली नाही.

पुढच्या सालचं पीक निघालं आणि कंपनीचं काम सुरू झालं. आधी दगडांच्या गाड्या आल्या, मग माणसं आली, चर खणले गेले. मी मुलीला काखेत घेऊन वर गेले. मामी रडत असतील, असं मनाशी धरून गेले होते. त्या कठड्याशी उभ्या राहून बारकाईनं बघत होत्या.

"पाया वरच्यावर घेत्यात बग," त्या म्हणाल्या. "हितं चार हात काळी हाय, मंग मुरूम लागतो. इचारलं आसतं तर म्या सांगितलं आसतं."

ज्या दिवशी विहीर बुजवली त्या दिवशी मात्र त्यांनी दार उघडलं नाही. मी दोनदा जाऊन आले. संध्याकाळी मामा जिन्यात पायरीवर बसलेले दिसले. म्हणाले, "आत जाऊ नगंस. म्या बी भाईर बसलोय." मी त्यांच्या शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी खाली आल्या, माझ्या हातातून मुलीला घेतलं, अंगणात उन्हात पाय पसरून बसल्या आणि तिला तेल चोळू लागल्या.

मी त्यांना विचारलं होतं, आता वर बघायला काही उरलं नाही, पुन्हा खाली येता का म्हणून. त्या नाही म्हणाल्या.

कंपनीची शेड उभी राहिली तेव्हा मोठ्या रुंद फाटकावर रखवालदार हवा होता. तिथल्या साहेबांनी जागेचे जुने मालक म्हणून मामांना विचारलं. मामांनी दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी खाकी डगला घालून आले. "आदी बी ह्येच करत व्हतो," ते ह्यांना म्हणाले. "पाखरं हाकलायची, ढोरं हाकलायची. आता त्याचा पगार मिळतोय, यवढंच." फाटकाशी त्यांना एक स्टूल दिलं होतं. दुपारी ऊन चढलं की त्यांची मान पुढे पडायची. ती पडली की आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून, रस्ता ओलांडून पलीकडे जाईल असा मामींचा आवाज यायचा, "अवो! डोळं उघडा! मोटार आलीया!"

एका रविवारी मामा आमच्याकडे चहाला आले होते. कप खाली ठेवून ते ह्यांच्या कानाशी लागले. पण हळू बोलण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सायेब, तवा तुमी मला अडवायला पायजे व्हतं. खालनं तिला ते फाटक दिसलं नसतं."